स्टारचा तक्ता राहू द्या, आधी पंगत बघा

(प्रश्न जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेचा आहे. पाचवीच्या वर्गात मुलं एकमेकांना सतत टोचून बोलतात. ऊसतोडीला गेलेल्या घरातला एक मुलगा वर्षाच्या मध्येच परत आला आहे. त्याला खेळात कुणी घेत नाही, खिचडीच्या वेळी शेजारी कुणी बसत नाही. मुख्याध्यापक म्हणतात, 'दयाळूपणा सप्ताह' घ्या, चांगलं वागेल त्याला स्टार द्या, शेवटी बक्षीस ठेवा. याने काही होईल का, की दुसरं काही करावं?)

मॅडम, आधी सप्ताहाचं मिटवू, कारण तो तुमच्या गळ्यात पडलेला आहे. घ्या सप्ताह, वाद घालू नका. भित्तिपत्रक होईल, परिपाठाला बोधकथा होईल, केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर फोटो जातील आणि पुढच्या सोमवारी मधल्या सुट्टीत तेच टोमणे ऐकू येतील. सौजन्यशीलता, संवेदनशीलता हे शब्द आपल्या शाळांच्या भिंतींवर नव्वदच्या दशकापासून रंगवलेले आहेत. त्याच भिंतीला टेकून मुलं एकमेकांना 'काळ्या', 'ढोल्या' म्हणत आली आहेत. मुलांना चांगलं काय ते कळत नाही अशातला भाग नाही. पाचवीतल्या कुणालाही उभं करा, मैत्रीवर पाच ओळी घडाघडा म्हणून दाखवेल. अडचण अशी आहे की शाळेच्या दिवसात एकमेकांशी चांगलं वागायला वाव फार थोडा असतो आणि वाईट वागायला भरपूर. त्यातला बराचसा वाव आपणच करून दिलेला असतो. तो काढून घ्यायचा आणि दुसरा करून द्यायचा, एवढंच मला सांगायचं आहे; बाकी सगळा तपशील.

स्टारला मात्र ठाम नाही म्हणा. अमेरिकेत १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना 'चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल' असं आधीच सांगून ठेवलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं स्केचपेनला पूर्वीपेक्षा कमी हात लावू लागली. जर्मनीत वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी २००८ मध्ये असंच काहीसं वीस महिन्यांच्या बाळांमध्ये पाहिलं. मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू ही बाळं आपणहून उचलून देतात. ज्यांना त्याबद्दल खेळणं मिळालं, ती नंतर मदतीला कमी धावली. पाचवीच्या वर्गात तर याहून मजा होते. एकाने मुद्दाम पेन्सिल पाडायची, दुसऱ्याने उचलायची आणि दोघांनी मिळून टेबलापाशी यायचं: "मॅडम, स्टार!" शिवाय तक्ता भिंतीवर लागला की ज्याच्या नावापुढे काहीच नाही तोही सगळ्या वर्गाला दिसतो. तो कोण असेल, हे तुम्हाला आजच माहीत आहे.

म्हणजे कौतुक करायचंच नाही का? करा, पण जे झालं तेवढंच सांगून करा. 'किती गुणी गं तू' यापेक्षा 'तू जार तिरका धरलास म्हणून तिला पाणी घेता आलं' हे बरं, आणि तेही जाता जाता, तिच्या एकटीपाशी. वर्गासमोर एकदा 'गुणी' ठरलेल्या मुलीला पुढे चुकायचीही सोय राहत नाही.

ठरवून काही चांगलं करायला लावणं फुकट जातं, असं मात्र समजू नका. कॅनडात व्हँकुव्हरच्या शाळांमधल्या ९ ते ११ वर्षांच्या, म्हणजे साधारण तुमच्याच मुलांच्या वयाच्या मुलांवरचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना चार आठवडे, दर आठवड्याला कुणासाठी तरी तीन चांगल्या गोष्टी करायला सांगितल्या. बाकीच्यांना आठवड्यातून तीन ठिकाणी फिरून यायला सांगितलं. मन दोन्हीकडच्या मुलांचं प्रसन्न झालं. पण पहिल्या गटातल्या मुलांना वर्गमित्रांकडून जास्त पसंती मिळू लागली. 'कुणाबरोबर काम करायला आवडेल' या प्रश्नाला त्यांची नावं अधिक वेळा आली. तेव्हा मुख्याध्यापकांना म्हणा, सप्ताह नको, महिना घेऊ. मुलांनी काय केलं ते वहीच्या मागच्या पानावर लिहावं. ते वाचून दाखवायचं नाही आणि तुम्ही त्यावर लाल पेन चालवायचं नाही. फोटो पहिल्या दिवशीचा पाठवून द्या, म्हणजे वरचं कामही भागेल.

आता वाईट वागायला आपणच करून दिलेल्या वाटांकडे येऊ. पहिली वाट फळ्यावर आहे. तुम्ही ऑफिसात ऑनलाइन माहिती भरायला जाता (ती कधी संपते हे देवालाच ठाऊक), तेव्हा मॉनिटर डाव्या कोपऱ्यात 'बोलणाऱ्यांची नावे' असं लिहून खाली रेघ मारतो. बोललं की नाव, पुन्हा बोललं की नावापुढे फुली. आपण परत आलो की फुल्या मोजून शिक्षा. एकदा बाहेर खिडकीशी उभं राहून नुसतं बघा काय चालतं ते. जवळच्या मित्राचं नाव लिहून लगेच हाताने पुसलं जातं. पेरू आणून देणाऱ्याचं लिहिलंच जात नाही. जो कुणाच्याच टोळीत नाही त्याच्या नावापुढे तो गप्प असला तरी फुल्या वाढत राहतात. एकाने बाकीच्यांवर नजर ठेवायची, त्यांच्या चुका टिपायच्या आणि त्या वरच्याच्या हाती द्यायच्या, याचं बाकायदा प्रशिक्षण आपण पहिलीपासून देतो. मग पाचवीत आल्यावर मुलं चहाड्या करतात म्हणून वैतागतो.

ही यादी उद्यापासून बंद करा. वर्ग गोंगाट करेल, करू दे. मॉनिटर ठेवायचाच असेल तर कामं वाटून द्या आणि दर पंधरवड्याला बदला. त्यात दोन-तीन कामं अशी हवीत की ज्यांनी दुसऱ्याकडे लक्ष जातं. एकाकडे पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, जुन्या वह्यांची कोरी पानं यांचा डबा; ज्याच्याकडे काही नसेल त्याने तिथून घ्यायचं, सगळ्यांसमोर 'मॅडम, माझ्याकडे पेन नाही' म्हणायची गरज नाही. एकाकडे गैरहजर मुलांचं काम: आज कोण आलं नाही, त्याचा अभ्यास कोण पोचवणार. हे काम आडदांड मुलाला द्या. तो ते फार मनावर घेतो, कारण तोवर त्याच्यावर विश्वासाने कुणी काही सोपवलेलं नसतं.

दुसरी वाट मैदानावर. दोन कप्तान उभे राहतात आणि एकेक भिडू मागून घेतात. शेवटी दोन-तीन मुलं उरतात, पायाने माती उकरत. रोज तीच. हा प्रकार तर आपण खेळाच्या तासाला स्वतःच्या देखरेखीखाली चालवतो. गट पाडायला जन्ममहिना घ्या, चिठ्ठ्या घ्या, एक-दोन-एक-दोन म्हणायला लावा, काहीही चालेल. फक्त निवडून घेणं बंद.

इथे मुलांच्याच एका शहाणपणाकडे लक्ष वेधतो. लिंबूटिंबू. धाकटं भावंड पाठीशी लागलं की मुलं त्याला हाकलत नाहीत, 'हा लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेतात. तो धावतो, ओरडतो, पण बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. कुणा मोठ्या माणसाने शिकवलेलं नाही, कुठल्या परिपत्रकात नाही. दुबळ्याला खेळात सामावून घ्यायचा नियम मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या आपला आपण चालवला आहे. जे लोक मुलं हल्ली निर्दय झालीत म्हणतात त्यांनी गल्लीत जाऊन हा खेळ बघावा. पण त्यातली मेखही समजून घ्या. पाच वर्षांच्या पोराला लिंबूटिंबू असणं आवडतं; दहा वर्षांच्या मुलाला ते झोंबतं. त्याला बाद व्हायचं असतं, राज्य घ्यायचं असतं. तुमच्या त्या मुलाच्या बाबतीत हाच धोका आहे. 'त्याच्याशी चांगलं वागा रे, बिचारा परत आलाय' असं तुम्ही वर्गाला सांगितलंत, तर मुलं ऐकतील. तुमच्यासमोर त्याला घेतील, त्याला बाद करणार नाहीत, आणि तुमची पाठ वळली की तो कायमचा लिंबूटिंबू होऊन बसेल. एखाद्याची कीव करायला शिकवणं फार सोपं. ते शिकवू नका.

तिसरी वाट पंगत. शिजवलेलं अन्न शाळेत द्यावं हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नोव्हेंबर २००१ चा. त्यामागे पोषण होतं, तसंच सगळ्या घरांतल्या मुलांनी एका रांगेत बसून जेवावं ही अपेक्षाही या योजनेकडून पुढे होत राहिली. प्रत्यक्षात मुलं आपापल्या आळीप्रमाणे, वस्तीप्रमाणे बसतात, आणि आळी म्हणजे काय हे गावात राहणाऱ्याला फोड करून सांगायला नको. आठवडाभर कुणाला काही न सांगता कोण कुठे बसतं याचा नुसता नकाशा काढा. चौकोन, त्यात नावं, रोज एक. पाच नकाशे शेजारी ठेवलेत की वर्गात काय चाललंय ते कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा स्वच्छ दिसेल. मग बसण्याची जागा तुम्ही ठरवा, पण शिस्त म्हणून. 'समता' वगैरे भाषण न करता. हजेरी क्रमांकाचा शेवटचा आकडा घ्या, दर सोमवारी बदला. वाढपी मुलांतूनच आणि पाळीपाळीने, आणि त्या पाळीत तो मुलगा लवकर येईल असं बघा. त्याच्या हातचं कुणी नाकारलं तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिथल्या तिथे, आवाज न चढवता, "वाढायचं काम त्याचं आहे, त्याच्याच हातून मिळेल" एवढंच म्हणा आणि उभ्या राहा. शक्य असेल तर स्वतः त्याच्या हातून वाढून घेऊन त्याच रांगेत खाली बसा. खुर्चीवर बसून घरचा डबा खाणाऱ्या शिक्षकांचं मुलं या बाबतीत काही ऐकत नाहीत.

आणखी एक वाट आपल्या जिभेवर आहे, ती थोडक्यात सांगतो कारण ती आपल्या सगळ्यांना माहीत आहे. 'ढ', 'म्हसोबा', 'तुझ्या बापाने कधी शाळा पाहिली का' ही वाक्यं मुलं आपल्याकडूनच उचलतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक त्रासही निषिद्ध आहे. यादी वाचून लाभ वाटण्याची सवयही याच जातीची. मोफत गणवेश पूर्वी सगळ्या मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुलं आणि दारिद्र्यरेषेखालची मुलं यांनाच मिळायचा. २०२३-२४ पासून उरलेल्यांनाही मिळू लागला. त्याआधी कितीतरी वर्षं 'अमुक अमुक उभे राहा' करून कोण कुठल्या यादीतलं हे आपणच वर्गाला दाखवत आलो. शिष्यवृत्त्यांचं अजूनही तसंच चालतं. ते कागद पालकांना बोलावून, त्यांच्याकडून भरून घ्या.

आता चिडवण्याबद्दल. आपण दोघांनाच बघतो, चिडवणारा आणि चिडणारा. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६ च्या अभ्यासात बाकीच्या वर्गाकडे पाहिलं: त्याला साथ देणारे, हसून पेटवणारे, तिथून निघून जाणारे आणि मध्ये पडणारे. चिडवणाऱ्याचा जीव त्या हसण्यात असतो. पुढे तुर्कू विद्यापीठात याच विचारावर किवा नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि फिनलंडभर शाळांत गेला. तुमच्या कामाचा भाग एवढाच की हसणाऱ्यांशी बोला. पुढाऱ्याला फटकारलंत तर तो उलट हिरो होतो. हसणाऱ्या चौघांना वेगवेगळं, एकेकटं बाजूला घ्या. रागावू नका. "काल त्याला तसं म्हणाले तेव्हा तू तिथे होतास. तुला कसं वाटलं?" बहुतेक मुलं खाली बघून म्हणतात, 'नाही आवडलं'. मग विचारा, उद्या तसं झालं तर तू काय करशील? मध्ये पडून भांडायला कुणालाही सांगू नका, ते मोठ्यांनाही जमत नाही. न हसणं जमतं. 'चल रे, राज्य तुझ्यावर आहे' म्हणून त्या मुलाला तिथून खेळायला ओढून नेणं जमतं. मुलं आपण होऊन जे सुचवतील तेच त्यांच्याकडून होतं.

सॉरी म्हणायला लावणं आणि हात मिळवायला लावणं मी कधीच बंद केलं. ज्याला लागलंय त्याला दुसऱ्यांदा सगळ्यांसमोर उभं राहावं लागतं, आणि दुसऱ्याला एका शब्दात सुटका मिळते.

यापेक्षा खात्रीचा उपाय अभ्यासातच आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि मारामाऱ्या चालू होत्या. इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाला बोलावलं. त्याने माणुसकीचे धडे दिले नाहीत. धडा तुकड्यांत वाटला: पाच-सहा जणांचा गट, प्रत्येकाकडे एकेक तुकडा, दुसऱ्याचा तुकडा वाचायला मिळणार नाही, ऐकूनच समजून घ्यायचा, आणि परीक्षा पूर्ण धड्यावर. एका गटात इंग्रजी अडखळत बोलणारा मेक्सिकन वंशाचा मुलगा होता. बाकीचे त्याची टिंगल करू लागले. गटाजवळच्या मदतनीस बाईंनी फक्त आठवण करून दिली, की टिंगल करा हवी तर, पण त्याच्याकडे जे आहे ते तुम्हाला कळणार नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे. मुलांना टिंगल परवडेना. ती त्याला नीट प्रश्न विचारायला लागली, त्याला जास्त बोलता येऊ लागलं, आणि काही आठवड्यांत मुलांचं त्याच्याबद्दलचं मतच बदललं.

हे तुमच्या वर्गात परिसर अभ्यासाच्या तासाला उद्या करता येईल. पाठाच्या पानाच्या झेरॉक्स काढून कापा, नाहीतर हाताने लिहा. तुमच्या त्या मुलाकडे तर असा एक तुकडा आहे जो पुस्तकात नाहीच. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळपाचा हंगाम संपेपर्यंत, तो कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहिलाय. मोळी कशी बांधतात, वाढ्यांचं (उसाच्या शेंड्यांचं) काय करतात, गाडी वजनकाट्यावर जाते तेव्हा भरलेलीचं वजन आणि रिकामीचं वजन यांतून उसाचं वजन कसं काढतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. वजाबाकीचा याहून खरा पाठ कुठे मिळणार? त्याला आधी एकट्याला विचारा, सांगशील का म्हणून. नको म्हणाला तर विषय संपला. हो म्हणाला तर त्याच्याकडून काटा समजून घ्यायचा, हाल नाही. 'थंडीत किती त्रास होतो ना रे' असा एक प्रश्न आला की सगळं पुन्हा कीवेवर जाईल, तो तुम्ही अडवा. आणि त्याच्यावर आधारित गणित त्याच दिवशी सगळ्यांना सोडवायला द्या, म्हणजे त्याचं ऐकणं कामाचं होतं हे वर्गाला कळेल.

एक साधी गोष्ट आधी तपासायची राहून जाते: शेजारी न बसण्याचं कारण. कधी जात असते, कधी उवा, खरूज किंवा अंगाचा वास. जातीसाठी वर सांगितलेली पंगत आहे. खरूज असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं त्यांना दाखवा, आरोग्य केंद्रातून औषध आणा, तेही गुपचूप. जे औषधाने सुटतं त्यावर महिनाभर मूल्यशिक्षण कशाला?

आणि जर प्रकार टोमण्यांच्या पलीकडे गेला असेल, म्हणजे मारहाण, पैसे काढून घेणं, शरीराला हात लावणं, तर तिथे हे सगळं बाजूला. लैंगिक त्रासाची शंका जरी आली तरी पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, शाळेचं नाव जाईल म्हणून कुणी थांबवलं तरी. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक मुलांनाही पाठ करून द्या.

पालकांचं काय? सभेत एखादे वडील हमखास म्हणणार, "मी सांगितलंय पोराला, मार खाऊन घरी यायचं नाही, एक दिली तर दोन द्यायच्या." त्यांना सभेत खोडू नका, चारचौघांत ते मागे हटणार नाहीत. नंतर विचारा, तुमच्या शेतात अडीअडचणीला कोण येतं, सावडीला, म्हणजे आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबायला, कोण असतं. बोलणं तिथून सुरू झालं तर पुढे सरकतं. आयांशी बोलताना एकच मागणं मागा: संध्याकाळी 'किती मार्क पडले' याच्या जोडीला 'आज कोणाबरोबर जेवलास' एवढं विचारायचं.

सगळं एकदम सुरू करू नका. या आठवड्यात फळ्यावरची यादी बंद आणि पंगतीचे नकाशे. पुढच्या आठवड्यात जागा आणि वाढपी. तुकड्यांचा पाठ त्यानंतर, आठवड्यातून दोनदा. पहिले पंधरा दिवस उलटा परिणाम दिसेल. मुलं कुरकुरतील, जागा चोरून बदलतील, एखादा पालक येऊन विचारेल की माझ्या मुलाला त्याच्या शेजारी का बसवलं. उत्तर एकच: हजेरीचा आकडा. फरक पडतोय की नाही हे मुलांच्या गोड बोलण्यावरून ठरवू नका. महिन्याने कुणालाही न सांगता एक दिवस जागा मोकळ्या सोडा आणि पुन्हा नकाशा काढा. पहिल्या पाचांशेजारी ठेवून बघा.

त्या मुलाच्या बाबतीत मात्र एक काम आत्ताच करून ठेवा. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या पुन्हा निघतील. हंगामी वसतिगृह किंवा आजीकडे राहणं जमतं का ते शाळा व्यवस्थापन समितीत आणि त्याच्या घरी आधीच बोला. नाहीच जमलं, तर तो नसताना त्याची वही कोण लिहून ठेवणार हे त्यालाच विचारा, आणि तो ज्याचं नाव घेईल त्याला तेव्हाच सांगा.